सवलतीचा तास

आमच्या शेजारच्या वहिनींइतके हट्टी, बोलभांड आणि कायद्याच्या दृष्टीने निर्दोष माणूस भिलाईच्या टाउनशिपमध्ये दुसरे झाले नाही, असे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आणि ते कुणाला खोडून काढायचे असल्यास त्याने लेखी कळवावे. मी तिथल्या पोलाद कारखान्याच्या विधी विभागात आयुष्य काढले. वकील नव्हतो, परंतु वकिलांनी ज्या कागदांवर सह्या केल्या त्यांतले बरेच मी लिहिलेले होते. त्यामुळे वहिनी मला कौतुकाने 'भाऊजी' आणि वैतागल्या की 'वकीलसाहेब' म्हणत. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सारे नुसते 'भाऊ' म्हणत असू, रोलिंग मिलमध्ये फोरमन होते आणि मिलच्या क्रीडास्पर्धांत धावण्याची पदके मिळवून दिवाणखान्यात लावीत. वहिनींच्या अंगी कोणतेही पदक नव्हते. त्यांना फक्त थांबता येत नसे.

वाहन नावाच्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. रुआबांध्याला त्यांची बहीण राहत असे. तिच्याकडे निम्मी भाजी पोचवून, तिच्या सासूशी यथास्थित भांडून त्या परत येत तेव्हा आमच्या घरची डाळ जेमतेम शिजलेली असे. सिविक सेंटरच्या बँकेत जायचे तर पातळाचा पदर खोचायचा, पांढरे कॅनव्हासचे बूट चढवायचे, कमरेच्या पिशवीत फुटाणे आणि गूळ टाकायचा आणि निघायचे. ऑटोवाले सुरुवातीला शेजारी थांबून 'बैठो ना बाई' म्हणत. पुढे त्यांनीही नाद सोडला. एकदा मी स्कूटरवरून त्यांना मागे टाकले, वाटेत पंक्चर झाले, आणि मी दुकानाच्या बाकावर बसलेला असताना त्या समोरून गेल्या. थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "भाऊजी, तुमची गाडी थकली काय?"

माणसाची पारख त्या त्याच्या चालीवरून करीत. पुतणीला पाहायला आलेला एक इंजिनिअर पोहे खाऊन निवांत बसला होता, तर त्याला 'जरा मिठाई आणू' म्हणून त्यांनी पायी सिविक सेंटरला नेले. जाताना तो बिचारा उत्साहाने चार पावले पुढे होता. येताना पुलियावर, म्हणजे रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर, बसला आणि रिक्षा शोधू लागला. वहिनींनी घरात येऊन निर्णय दिला, "पोरगा चांगला हाय, शिकलेला हाय, पण शेवटी शेवटी रिक्षा पाहून राहिला होता." लग्न तरीही झाले आणि सुखाचे झाले. परंतु जावयाला त्या आजतागायत 'रिक्षावाले पाहुणे' म्हणतात, आणि तोही हाक आली की ओ देतो.

या सगळ्यामागे त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो त्या ओट्यावर बसून, पुरुषमंडळींच्या देखत, भाऊंच्या पदकांकडे बोट दाखवून मांडीत. "थोडं धावाचं असन तर माणूस जिंकते. त्यात काही वाद नाही. पण लांबचं धावाचं असन तर? माणसाले पयल्या घडीतच दाखवाचं असते का मी कोण हाय. मंग तो शेवटी बसते. बाई शेवटाकडं पाहून निघते. तुमच्या प्लान्टातली मोठी भट्टी कोणी रोज इझवून पेटवते काय? तशी बाई. तिले एकसारखं जळाचं माहीत हाय." भाऊ यावर हसत आणि म्हणत, "बोलाले काय जाते. धावून दाखव." वहिनी म्हणत, "धावू तर द्या."

हे 'धावू तर द्या' पुढे माझ्या आयुष्यात शिरले. त्या काळात आमच्या भागातील क्रीडा समिती दर हिवाळ्यात एक लांबची दौड भरवीत असे. सिविक सेंटरहून निघायचे, नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणींपर्यंत जायचे, परत फिरायचे, रुआबांध्याला वळसा घालून पुन्हा सिविक सेंटरला यायचे. मॅरेथॉनलाही मागे टाकणारे ते अंतर होते. हल्ली त्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, आम्ही 'नंदिनीची दौड' म्हणत होतो. नियमावलीत महिलांसाठी वेगळी तरतूद होती : सिविक सेंटरभोवती एक फेरी, आणि बक्षीस प्रेशर कुकर. ती वाचून माझे माथे भडकले. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "कुकर हाय माह्याकडं. भाऊजी, मले इनाम नको. माणसायच्या यादीत, वर असीन तर वर, खाली असीन तर खाली, पण त्याच कागदावर माह्यं नाव पाह्यजे. मंग हे पदकवाले बोलतीन तर मी ऐकीन."

मागणी एवढीच होती आणि ती न्याय्य होती. मी समितीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मी पोच मागणारे पत्र लिहिले. मग संविधानाचा अनुच्छेद पंधरा उद्धृत करून तिसरे पत्र लिहिले, त्याच्या प्रती वरपर्यंत पाठवल्या, आणि भोपाळला दाद मागण्याचा इशारा दिला. भोपाळ त्या काळी आमची राजधानी होती आणि भिलाईहून इतकी दूर होती की तिथे दाद मागण्यापेक्षा नंदिनीपर्यंत धावणे सोपे होते, हे समितीलाही ठाऊक होते. तरीही माझ्या चिकाटीला कंटाळून सचिवांनी अखेर उत्तर धाडले. महिलांना पूर्ण दौडीत परवानगी आहे. त्यांचा निकाल पुरुषांच्याच यादीत लागेल. मात्र स्त्रीप्रकृतीचा नाजूकपणा ध्यानी घेता त्या ऊन चढण्यापूर्वी, एक तास आधी निघतील आणि त्यांची वेळ तेव्हापासून मोजली जाईल. शेवटी लिहिले होते की, अनुच्छेद पंधराच्याच तिसऱ्या खंडात स्त्रियांसाठी विशेष तरतुदीची मुभा आहे. माझ्याच म्यानातली तलवार काढून त्यांनी माझ्यावर उगारली होती. मी दोन रात्री झोपलो नाही. वहिनींनी पत्र ऐकले, विचारले, "यादी एकच ना?" मी म्हणालो, एकच. "मंग झालं तर," असे म्हणून त्या गहू निवडू लागल्या.

दौडीच्या दिवशी अंधार पुरता फिटला नव्हता. महिलांत नाव एकच होते. वेळ टिपणाऱ्या गृहस्थांनी गंभीरपणे घड्याळ सुरू केले आणि हात पुढे करून म्हणाले, "निकलिए बहनजी." वहिनींनी बँकेच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरले, त्यावर बसल्या आणि डबा उघडून पोहे खाऊ लागल्या. गृहस्थ गडबडले. थोड्या वेळाने जवळ येऊन कुजबुजले, "बहनजी, आपका टाइम जा रहा है." वहिनी म्हणाल्या, "जाने दो भैया, उसको भी घूमने दो. पोहा लोगे?" त्यांनी घेतला. मी माझ्या खिशातली नियमावली काढून वाचत होतो. तिच्यात स्पर्धकाने बसू नये असे कुठेही म्हटलेले नव्हते.

तास सरत आला तसे पुरुष जमले. भाऊ बनियनवर, पायांना तेल लावून आले आणि पायरीवरची पत्नी पाहून कसनुसे झाले. "तू कावून बसून राहिली वो? गेली असन समजलो मी."

"तुमची वाट पाहून राहिली."

"लोक हासून राहिले ना."

"हासू द्या. दम जाईन त्यायचा."

पहाटपाळीचा भोंगा झाला आणि गडी सुटले. समितीचे सचिवही त्यांत होते, नव्या पांढऱ्या टोपीत. वहिनी सर्वांत शेवटी निघाल्या, बाजाराला निघाल्यासारख्या. मी स्वतःलाच निरीक्षक नेमून स्कूटरवर मागे होतो. नंदिनीच्या रस्त्याला लागेपर्यंत पुढची टोळी ठिपक्याएवढी झाली होती. मी न राहवून जवळ जाऊन म्हणालो, "वहिनी, थोडा वेग." त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, धूर मांगं ठेवा, मले खोकला येऊन राहिला."

आणि मग, खाणींपाशी वळसा घेऊन उन्हे तापू लागली तेव्हा, त्यांचा सिद्धान्त माझ्या डोळ्यांदेखत रस्त्यावर उतरला. पहाटे ज्यांनी भोंग्याबरोबर झेप घेतली होती ते एकेक करून झाडाखाली, चहाच्या टपरीवर, पुलियांवर दिसू लागले. कुणी पायात गोळा आला म्हणून पाय चोळत होता, कुणी समितीच्या ट्रकमध्ये चढत होता. वहिनींच्या चालीत पहाटेपासून फरक पडला नव्हता. त्या फुटाणे चघळीत प्रत्येकापाशी पोचत, आपुलकीने विचारीत, "काय हो, पाय दुखून राहिले काय?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात. तो प्रश्न त्या दिवशी अनेकांना गोळ्यापेक्षा जास्त दुखला असावा. सचिवांची पांढरी टोपी आम्ही परतीच्या वाटेवर एका विहिरीपाशी मागे टाकली.

रुआबांध्याच्या वळणावर भाऊ पुलियावर बसलेले होते. पदके मिळवणारा तो माणूस मान खाली घालून बसला होता. इथे मात्र वहिनींनी प्रश्न विचारला नाही. त्या थांबल्या. त्या दिवसभरात एवढ्याच एका ठिकाणी थांबल्या. पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. खा. अन् उठा. माह्या मांगं मांगं या, पुढं पाहू नका, माह्या बुटायकडं पाहा." भाऊ उठले. दोघे तसेच एकामागे एक आले.

पोचण्यात वहिनी तिसऱ्या होत्या. त्यांच्या आधी दोन तरणे गडी आले होते, हे मी नमूद करतो, कारण पुरावा आपल्या बाजूचा असो वा नसो, तो पुरावाच असतो. सिविक सेंटरमधले दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले होते आणि टाळ्या वाजवीत होते. पण टेबलापाशी समितीने सकाळी सुरू केलेले महिलांचे घड्याळ दाखवले. नियमाप्रमाणे वहिनींच्या वेळेत तो पायरीवरचा तास मिळवला जाणार होता, आणि त्यामुळे त्या बऱ्याच खाली घसरत होत्या. त्यांच्या बुटांकडे पाहत पोचलेले भाऊसुद्धा त्यांच्या वर जात होते. मी खिशातून पेन काढले आणि अपिलाचा पहिला परिच्छेद तिथेच, बँकेच्या भिंतीवर कागद धरून, लिहू लागलो. भाऊ टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, मेरा नाम इनके नीचे लिखो. मैं इनके पीछे आया हूँ, सबने देखा."

वहिनींनी आम्हा दोघांनाही थांबवले. "राहू द्या. भाऊजी, पेन ठेवा. तो तास बी माह्याच हाय. बसली होती ना मी तिथं, फुकट कावून जाऊ द्याचा? लिहा म्हणा, तासासकट लिहा."

यादी नियमाप्रमाणे सचिवांच्या हस्ताक्षरात लागायची होती आणि सचिव अजून यायचे होते. सगळे त्यांची वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने पांढरी टोपी दिसली, हातात बूट घेऊन, लंगडत. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, कागद दिला. वेळा वाचल्या जाऊ लागल्या आणि ते लिहू लागले. वहिनींचे नाव आले, पायरीवरच्या तासासकट, पुरुषांच्या बरोबर मध्ये. सचिवांनी ते लिहिले. मग त्याखाली आणखी पुष्कळ नावे लिहिली, आणि त्या नावांच्याही खाली, हात किंचित थांबवून, स्वतःचे. नाजूक प्रकृती एक तास पोहे खाऊन त्यांच्या वर बसली होती आणि ते त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. इतके निर्विवाद निकालपत्र मी विधी विभागात कधी पाहिले नाही. मी अपील फाडले. वहिनी फलकापाशी उभ्या राहिल्या, आपल्या नावाखालची नावे बोटाने वाचत गेल्या आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय हो यायचं."

पुढच्या वर्षी सवलतीचे कलम समितीने स्वतःहून गाळले. मी अभिनंदनाचे पत्र पाठवले, त्याची पोच आली. त्या वर्षी दवाखान्यातल्या दोन नर्स आणि शाळेच्या ड्रिलच्या बाई भोंग्याला पुरुषांच्या रांगेत उभ्या होत्या. भाऊंची पदके दिवाणखान्यात राहिली, परंतु घरात कधी वाद झाला आणि त्यांनी आवाज चढवला की वहिनी एवढेच म्हणत, "हो ना, एका तासानं वर आहात तुम्ही." वाद तिथेच मिटे.

आता मी निवृत्त आहे. माझा गुडघा मला साथ देत नाही. वहिनी आणि मी संध्याकाळी सिविक सेंटरला पायी जातो. निघताना रोज त्या दारातून हाक मारतात, "भाऊजी, तुम्ही व्हा पुढं. मी कुलूप लावून येते मांगून." कुलूप लावायला इतका वेळ लागत नाही. मी एकदा वळून पाहिले होते. त्या ओट्यावर बूट घालून बसल्या होत्या आणि मी कोपऱ्यापर्यंत जाण्याची वाट पाहत होत्या. ही उघडउघड सवलत आहे. माझ्या प्रकृतीचा नाजूकपणा गृहीत धरून, माझी संमती न घेता दिलेली. त्याविरुद्ध एक ओळही लिहावीशी मला वाटलेली नाही.

पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत मागून कॅनव्हासच्या बुटांचा तो एकसारखा आवाज यायचा आणि पाठोपाठ प्रश्न, "काय भाऊजी, पाय दुखून राहिले काय?" हल्ली तो आवाज यायला पूर्वीपेक्षा उशीर लागतो. टाकी मागे पडते, तरी रस्ता शांतच असतो. मग मी चाल थोडी मंद करतो, चपलेत खडा गेल्याचे निमित्त करून पुलियावर बसतो, आणि त्या येईपर्यंत खडा शोधत राहतो.