किलिमांजारो सुरू कुठून होतो?

आमच्या पनवेलच्या ट्रेकिंग ग्रुपला किस्से जमवावे लागत नाहीत, सॅक भरायला घेतली की आपोआप सुरू होतात! किलिमांजारोला आम्ही सहाजण गेलो. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे सगळ्या शंकांची उत्तरं माझ्याकडे असणार, हे ठरलेलंच होतं. पनवेल सोडेपर्यंत ती होतीसुद्धा.

*

पॅकिंग करताना आमच्यातल्या, आपटा गावाकडच्या भोईरकाकांच्या सॅकमधून मुठीएवढा काळा दगड निघाला. त्यांच्या गावामागची टेकडी बांधकामासाठी कापून सपाट केली, तिचा हा राहिलेला तुकडा.

"काका, डोंगरावर दगड कशाला?"

"त्याला मोठा डोंगर दाखवून परत आनायचाय, बाई. मंग देवाजवल ठेवीन."

*

काकांचे पाय कर्नाळ्याच्या चढाला सरावलेले. इथे मात्र तिसऱ्या दिवशीही आम्ही सपाट माळावरून चाललो होतो.

"बाई, डोंगर कवा सुरू होनार?"

आमचा गाइड जोसेफ हसला. म्हणाला, "हाच डोंगर! शिरा नावाचा जुना ज्वालामुखी. माथा केव्हाच खचला."

मी मराठीत सांगितलं. काका जागच्या जागी थांबले. "माथा गेला? कोनी नेला?"

"कोणी नाही, आपोआप गेला."

त्यांना ते मुळीच पटलं नाही.

*

जेवताना मी ताटात भाताच्या तीन मुदी पाडल्या. "डोंगर एक, ज्वालामुखी तीन. शिरा खचलेला, मावेंझी झिजलेला, आणि सगळ्यात उंच किबो, तो नुसता झोपलाय."

काका किबोच्या मुदीकडे बघत राहिले. "झोपलाय ना? मंग आपन सहाजन त्याच्या अंगावर कशाला चढतोय?"



*

काही दिवसांनी, रात्रभर चढून, सकाळी किबोच्या माथ्यावर पोचलो. समोर भलंमोठं विवर. जोसेफ म्हणाला, आत अजून एक खड्डा आहे, आणि त्याच्याही आत एक.

"एवढं चढून खड्डेच?" काकांना धाप लागली होती. "पनवेलला काय कमी हायेत?"

पण मग त्यांनी दगड काढला आणि चारी दिशांना फिरवून त्याला सगळं दाखवलं. आम्ही कोणी हसलो नाही.

*

उतरल्यावर गेटवर गार्डने तो दगड पकडला. इथला दगड बाहेर न्यायला बंदी! मी परोपरीने सांगितलं, हा आमचा आहे, घरून आणलाय.

"डोंगरावर कोणी दगड घेऊन येतं का?" म्हणत त्याने तो जप्त दगडांच्या ढिगात टाकला. सगळेच काळे, सगळेच लाव्हाचे, सगळ्यांना बारीक भोकं. मी भूगोलाची बाई, पण आमचा कुठला ते मला ओळखू येईना. रडूच यायचं बाकी होतं.

"हे सगळे दगड परत डोंगरावर ठेवतात," जोसेफने हळूच सांगितलं.

मी ते काकांना सांगितलं. काका ढिगाजवळ जाऊन वाकले. म्हणाले, "बाई, त्याला इचारा, हितला डोंगर कापतात काय?"

मी विचारलं. गार्ड गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "डोंगर? डोंगर कोण कापेल?"

काकांनी ढिगातून आपला दगड बरोबर ओळखून उचलला, कपाळाला लावला आणि गार्डच्या हातात दिला.

"मंग ऱ्हाऊ दे हितंच."