दोन मशिनं समोरासमोर

"आदी एकाला इचारायचा, मंग दुसऱ्याला, मंगच दोगांना समोरासमोर बसवायचा." आमच्या ऑफिसातल्या ताई हे कॉम्प्युटरबद्दल बोलायच्या. त्यांच्या गावकीत भांडणं अशीच मिटवत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या कारखान्याची कपाटाएवढी दोन मशिनं होती. वाशीच्या मशीनवर नोकरदारांची माहिती, मुंबईच्या मशीनवर जमीन गेलेल्यांना दिलेल्या प्लॉटची. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. ताईंनी दोन्हींकडची घरवार माहिती टेपवर उतरवली आणि एकाच क्वेरीत, म्हणजे मशीनला विचारलेल्या एकाच प्रश्नात, जुळवून दाखवली. तुम्हाला आज हसू येईल, आम्ही चाट पडलो होतो. ताईंनी स्वतःच्या पैशांनी पेढे वाटले.

ताई खाडीकाठच्या गावातल्या. वडलांची शेती कारखान्यात गेली, त्या बदल्यात ताईंना नोकरी लागली. पुढे भावाच्या नावावर प्लॉटही मंजूर झाला. नियमाने एका घराला नोकरी किंवा प्लॉट, एकच काहीतरी. पण तपासतंय कोण?

मग साहेबांना हुक्की आली. "दोन्ही मिळालेली घरं शोधून काढा," म्हणाले. काम अर्थातच ताईंकडे.

"ताई, तुमचं घर वगळा," मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे?"

"आज माजा वगलू, उद्या कोनाचा?"

मोठ्या हरिश्चंद्र लागून गेल्या! मला तेव्हा त्यांचा राग आला, अजून येतो. साहेबांना त्याच कामावर बढती मिळाली.

भावाचा प्लॉट रद्द झाला. तो गेटवर आला, ताईंना एवढंच म्हणाला, "बाय, आमाला मशीनच्या तोंडी दिलास."

ताईंनी राजीनामा दिला. नोकरी सोडली की घर नियमात बसेल, प्लॉट परत मिळेल, असा त्यांचा साधा हिशेब. त्या वाशीच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसू लागल्या.

पुढे तीच क्वेरी मी चालवली. ताईंचं घर त्यात आलं नाही. मी तसाच साहेबांकडे प्लॉट परत मागायला गेलो. साहेबांनी मान वर केली नाही. "तो प्लॉट कधीच दुसऱ्याला दिला," म्हणाले.

हे सांगायला मी बाजारात गेलो. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पन आमचा घर निंगाला नाय ना?"

"नाही."

"मंग क्वेरी बरोबर चालली," त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाला बोंबील मोजून द्यायला लागल्या.