पारबताबाईंचे दात

१८६७ साली वऱ्हाडात खानेसुमारी झाली, तेव्हा तिवशाजवळच्या एका खेड्यात पुण्याकडचा कारकून पारबताबाईंच्या ओट्यावर येऊन बसला. बाई नुकत्याच कापूस वेचून आल्या होत्या आणि फुटाणे खात होत्या. बाजारात बैल पारखतात तसे त्याने बाईंचे दात पाहिले आणि वय लिहिले साठ. पद्धत शास्त्रशुद्ध होती. फक्त शेजारी बसलेल्या बोळक्या मुलाचे, उकर्डाचे, शहात्तर वर्षे वय आधीच लिहून झाले होते.

"सावत्र आई असणार," कारकून म्हणाला.

बाईंचा हात थांबला. "बाबू, याचं नाव उकर्डा काहून ठेवलं, मालूम हाय तुले?"

"नाही."

"याच्या आंधी माही तीन लेकरं गेली. हे तरी जगावं म्हून याले उकिरड्यावर ठेवून उचलून आनलं. ते तिघं बी मोज, मंग माहं वय लिव."

"लिवा बापा," उकर्डा म्हणाला, "नाई तं मले मायले पोरी म्हनाव लागन."

पहिले मूल पंधराव्या वर्षी, पुढची दोन-दोन वर्षांनी, असा हिशेब करून कारकुनाने साठ खोडले आणि सत्त्याण्णव लिहिले. मग आदराने विचारले, "आजी, खाता तरी काय?"

"ज्वारी. मेले ते बी ज्वारीच खात होते."

कारकुनाने शेऱ्याची जागा कोरी ठेवली. उकर्डा मात्र आठवडाभर गावात सांगत हिंडला, की माही माय सत्त्याण्णवची हाय आन् सरकारानं ते तिघंबी मोजले.