गोड पाण्याचा निंब

आमच्या परसातला कडुनिंब आजारी आहे हे मला गुढीपाडव्याच्या सकाळी कळलं, आणि खरं सांगायचं तर दया येण्याऐवजी मला वैतागच आला. घरात कामं काय कमी होती, की आता झाडाचंही दुखणं काढायचं? गुढीला बांधायला पाला हवा म्हणून मी मागे गेले होते. सगळा निंब कोवळ्या तांबूस पानांनी भरला होता. फक्त मागच्या खोलीवर आडवी गेलेली जाड फांदी तेवढी उघडी होती. तिच्यावर पान नाही, कळी नाही. मी दुसऱ्या बाजूचा पाला तोडला आणि आत येऊन गुळात कालवला.

आम्ही सोनाळ्याला राहत होतो. घरात सासूबाई आणि मी. नवरा शेगावला रेल्वे स्टेशनात नोकरीला, तो आठवड्यातून एकदा यायचा, जेवायचा, झोपायचा आणि जायचा. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळेच्या छापील कागदांवर राज्याचं तिसरं नाव नुकतंच आलं होतं. आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, आता महाराष्ट्र. मुली विचारायच्या, “बाई, पुन्हा बदलते काय?” मी म्हणायचे, तुम्ही आधी हे नीट लिहा. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. हे मी न सांगता गावाला माहीत होतं.

झाडाची गोष्ट त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सुरू झाली. एक दिवस निंबाच्या बुंध्यातून पांढरं, फेसाळ पाणी झिरपायला लागलं. सासूबाईंनी बोट लावून चाखलं तर गोड. कडुनिंबातून गोड पाणी! दुपारपर्यंत अर्धं गाव परसात. हळद, कुंकू, नारळ, उदबत्त्या, बाटल्या, तांबे. कोणाची खाज गेली, कोणाचं पोट दुखायचं थांबलं. महिनाभर माणसं येत राहिली, आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर नारळाच्या शेंड्या आणि चिखल मी झाडत राहिले. देव सासूबाईंचा, झाडू माझा.

याच पाण्याची एक वाटी सासूबाईंनी आपल्या लेकीला पाजली. तिलाही चार वर्षं मूल नव्हतं. एक वाटी मलाही दिली होती. दसऱ्यापर्यंत नणंदेला दिवस गेल्याची बातमी आली. मला काही झालं नाही, पण त्यात दोष पाण्याचा नव्हता असं सासूबाईंचं मत पडलं. माझी वाटी घासून त्यांनी फडताळात उपडी ठेवली. त्यांनी नवस केला होता, तो दिवाळीनंतर फेडला. गवंडी बोलावून झाडाभोवती कमरेएवढा दगडी पार बांधला. पायाच्या आड आलेल्या मुळ्या गवंड्यानं कुऱ्हाडीनं तोडल्या, आत बुंध्याला लागून माती भरली, आणि त्या मातीत रोज सकाळी पाच घागरी पाणी ओतायचं सासूबाईंनी व्रत घेतलं. पाणी विहिरीवरून मीच आणत होते. झाडाला आम्ही दोघींनी मिळून कुजवलं, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त खांदे दुखतात एवढंच कळत होतं.

पाडव्यानंतर मी त्या झाडाकडे जरा डोळे उघडून पाहायला लागले. कारण नणंद सातव्या महिन्यात माहेरी आली होती, पहिलं बाळंतपण, आणि तिची बाज टाकली होती नेमकी मागच्या खोलीत. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आणि कवेलूंवर ती वठलेली फांदी. पाराला खोलीच्या विरुद्ध बाजूनं एक भेग गेली होती. मी शाळेतला खडू नेऊन त्या भेगेत घालून पाहिला. टोकसुद्धा आत गेलं नाही. दर रविवारी मी खडू घालून पाहत असे. तिसऱ्या रविवारी तो अर्धा आत गेला. पाचव्या रविवारी हातातून सुटला आणि पूर्ण आत पडला. म्हणजे झाड खोलीच्या बाजूला कलत चाललं होतं. तेवढ्यावर कोणी मला शहाणी म्हणणार नव्हतं, म्हणून मी सुतारचाचांची वाट पाहिली. सासूबाईंनी त्यांना जुना पाळणा दुरुस्त करायला बोलावलं होतं.

सुतारचाचा म्हातारे, गावातल्या मशिदीमागे राहायचे, बोलणं कमी. पाळणा झाल्यावर मी त्यांना परसात नेलं. ते आधी नुसते झाडाभोवती फिरले. मग हातोडीच्या पाठीनं बुंधा ठोकत गेले आणि दर ठोक्याला कान लावून थांबले. एका बाजूनं आवाज घट्ट यायचा, दुसऱ्या बाजूनं रिकाम्या रांजणासारखा. शिडी लावून ते फांदीच्या बेचक्यापर्यंत चढले आणि गिरमिटानं भोक पाडलं. गिरमिटाला निघालेला भुसा त्यांनी जिभेवर ठेवला आणि थुंकले.

“कडू नाई लागत,” ते खाली उतरत म्हणाले. “निंबाचं लाकूड जिवंत असलं तं कडू लागते. हे मातीवानी लागून राह्यलं.”

“पण पाणी तर गोड आलं होतं, चाचा.”

“तेच तं, बाई. कडू निंब गोड झाला म्हंजे समजाचं का तो बिमार हाय. तुमी त्याले दवा कराची सोडून पूजा करून राह्यले. आन हा पार? झाडाचा गळा गाडला तुमी मातीत.”

मी विचारलं, झाड पडेल का? ते म्हणाले, झाड आणखी काही वर्षं काढेल, पार फोडला तर. “पन हा फाटा काढाच. आन एक ध्यानात ठेवा, हा वाऱ्यानं नाई पडनार. वारा सुटला का मानूस हुशार होते, दूर पळते. असा फाटा निपचित दुपारी पडते.” मग त्यांनी हत्यारं पिशवीत भरली. “मी तोडून देतो. पन तुमच्या सासूबाईनं सोता हाव म्हनलं पाह्यजे. देवाच्या झाडाले मी हात लावला तं बोलनं माह्याच नावावर येईन.” त्यांचंही बरोबर होतं.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. भेग, खडू, भुसा. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“काऊन वो? ज्या झाडानं माह्या लेकीची कूस उजवली, त्याच्यावर कुऱ्हाड चालवू? तुले पाहवत नाई काय तिचं?”

हे मला लागलं. मी त्या झाडाला रोज पाच घागरी पाणी आणत होते आणि मला तिचं पाहवत नव्हतं! रविवारी नवऱ्याला झाड दाखवलं. त्यानं मान वर करून पाहिलं, म्हणाला, “पावसाळा झाल्यावर पाहू,” आणि सावलीत बाज ओढून झोपला. मला भांडायचाही कंटाळा आला होता.

मग मी एक गोष्ट केली. झाडाबद्दल बोलायचं सोडलं आणि दोन दिवसांनी भाकरी थापता थापता सासूबाईंना, त्यांना मी मामी म्हणायचे, सहज म्हटलं, “मामी, मागच्या खोलीत बाळंतपण होईल. देवाच्या अंगाखाली दहा दिवस सुवेर, बाळंतिणीचा विटाळ. चालते काय?”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. बाळंतिणीचा विटाळ देवाला लागणं म्हणजे केलेलं सगळं पुण्य पाण्यात. त्याच संध्याकाळी नणंदेची बाज मागच्या खोलीतून निघाली. मी मनात म्हटलं, जमलं. पण बाज जाणार कुठे, हा विचार मी केलाच नव्हता. ती माझ्या खोलीत आली, आणि माझी बाज, माझी पेटी, माझ्या वह्या मागच्या खोलीत गेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोणी मुद्दाम काही केलं नाही. घरात एक गरोदर बाई होती आणि एक बिनलेकराची. कोणाला कुठे झोपवायचं यात विचार करण्यासारखं कोणाला काही दिसलं नाही. मी बाज दाराजवळच्या भिंतीला चिकटवून घेतली आणि तिथेच राहू लागले.

वैशाखात शाळा सकाळची होती. बाराला घरी येऊन, जेवून मी मागच्या खोलीत आडवी व्हायचे. त्या दिवशीही झाले. सासूबाईंनी मला आत जाताना पाहिलं होतं. पण घशाला कोरड पडली, माठ रिकामा होता, म्हणून मी घागर घेऊन परसाच्या दारानं शेजारच्या विहिरीवर गेले. पान हलत नव्हतं. घागर भरून वळले, तेवढ्यात आधी एक लांब करकर ऐकू आली, मग जमीन हादरल्यासारखा आवाज, आणि मागच्या खोलीवर धुळीचा लोट उठला.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा खोलीला छत उरलं नव्हतं. फांदी आडवी माझ्या बाजेवर होती. आणि त्या ढिगाऱ्यावर सासूबाई होत्या, पदर पडलेला, दोन्ही हातांनी कवेलू उपसून मागे फेकत.

“सूनबाई! ओ माय वो, माही पोर दबली! पोरी, ओ दे वो! माही पोर!”

मी त्यांच्या मागे आठ-दहा पावलांवर उभी होते. माझ्या कमरेवर घागर होती. एक शब्द बोलायचा होता, आणि मी तो बोलले नाही. सात वर्षांत त्या घरात मला कोणी ‘माही पोर’ म्हटलं नव्हतं. त्या ओरडत होत्या, फुटके कवेलू उपसत होत्या, आणि मी ऐकत उभी होते. मला आणखी ऐकायचं होतं. चार-पाच हाका मी तशाच ऐकून घेतल्या.

मग म्हटलं, “मामी, मी इथं आहे.”

त्या वळल्या. माझ्याकडे पाहिलं, ढिगाऱ्यावरून उतरल्या, आणि येऊन माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. “पानी आनाची हेच येळ हाय काय वो?” एवढं म्हणून त्या तिथेच खाली बसल्या आणि माझ्या लुगड्यात तोंड खुपसून रडल्या. त्यांच्या हातांतून रक्त येत होतं. त्याच घागरीतल्या पाण्यानं मी ते धुतले आणि हळद दाबली.

सुतारचाचांना बोलावणं त्यांनी स्वतः धाडलं. पार फोडला, पाणी ओतणं बंद झालं, आणि अर्धा उरलेला निंब पुढे बरीच वर्षं कडूच राहिला. बारा दिवसांनी माझ्या खोलीत नणंदेला मुलगी झाली. मागची खोली उभी राहीपर्यंत मी सासूबाईंच्या शेजारी झोपले.

त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख त्या दिवशी मुळापासून उखडलं होतं. ते परत आलं, पण वाकडं आलं. त्याच बोटानं त्या नातीला घुटी चाटवायच्या, आणि मला समोर बसवून म्हणायच्या, “ही तुही मामी. देवानं वाचवली बरं हिले.” मी खाली पाहायचे. पहिल्या हाकेला ओ दिली असती, तर ते नख वाचलं असतं.