मशीन थंड होईपर्यंत

मशीनच्या झाकणावर मॅडम पालथा हात ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायच्या, "अभी नहीं, भाऊ. अजून ताप आहे."

मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये अटेंडंट. शाळा सातवीपर्यंत, तीही धड नाही. मॅडम आमच्याच शहरातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या, मराठीच, पण इकडच्या सगळ्यांसारखं अर्धं बोलणं हिंदीत. त्यांचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. नायलॉनची पांढरी भुकटी घ्यायची, तिच्यात काजळीसारखा कार्बन मिसळायचा. मशीन तिचा पातळ थर पसरते, लेझर पाहिजे तेवढाच भाग वितळवते, त्यावर पुन्हा थर. शेवटी भुकटीतून अख्खा तुकडा निघतो. असतो प्लास्टिकचा, पण त्यातून करंट जातो.

पहिल्या दिवशी मी तोंडावर म्हटलं, "प्लास्टिकातून करंट? मले येडा समजून राहिल्या का?" त्यांनी तुकडा दोन तारांमध्ये धरला. बारीकसा दिवा लागला. माझं तोंड पाहून त्या पोटभर हसल्या.

भुकटी चाळणं माझं काम. सांडली की विचारायच्या, घरी वहिनी तुम्हाला पीठ चाळू देतात का. मग वहिनींची तब्येत विचारायच्या. माझ्या बायकोचं हृदय खराब आहे, हे कॉलेजात त्यांनाच माहीत होतं.

त्यांची नोकरी कंत्राटी. ती पुढे चालणार की नाही, ते एका मोठ्या तुकड्यावर होतं. सकाळी कंपनीचे लोक तो पाहायला येणार होते. दुपारी लेझरचं काम संपलं. मशीन सकाळपर्यंत उघडायची नाही, असं बजावून मॅडम गेल्या. पाच वाजता दवाखान्यातून फोन आला, बायकोला भरती केलं. सकाळी आपण येत नाही, मग तुकडा आत्ताच काढून ठेवू, असं मी ठरवलं. त्यांना विचारायचं सुचलं नाही. गरम तुकडा टेबलावर ठेवला आणि पळालो.

बाहेरच्या हवेत तो पापडासारखा वाकला. लॅबच्या मोठ्या साहेबांनी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, घाई मीच केली. त्या वेळी मी बायकोच्या उशाशी होतो. तिनं पाणी मागितलं, मी पाजलं. मग ती गेली.

तेराव्याला मॅडम गुढियारीत आमच्या घरी आल्या. मी म्हटलं, "मशीन मीच उघडली. साहेबाले सांगतो."

"काही सांगायचं नाही. वहिनींजवळ होते ना तुम्ही? बस."

मॅडमची नोकरी गेली. मी भित्रा माणूस. साहेबांना सांगितलं, पण मी रिटायर झाल्यावर. ते म्हणाले, अब क्या फायदा.

मग ब्राह्मणपाऱ्यात गेलो. मॅडम परगावी निघून गेल्या होत्या. घरी म्हातारी आई. तिलाही त्यांनी तेच सांगितलं होतं, घाई केली म्हणून काम बिघडलं. मी सगळं खरं सांगून टाकलं.

 आई म्हणाली, "तरीच. भातावरचं झाकणही कधी लवकर काढलं नाही त्या पोट्टीनं."

उठून तिनं माझ्यासाठी भात टाकला. तो होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो.