सतरा शाली आणि दोन मतं

निकाल लागला त्या दिवशी अण्णांच्या कपाटात सत्काराच्या सतरा शाली होत्या. मी मोजल्या होत्या. सगळ्या आमच्याच दुकानातून विकल्या गेलेल्या आणि अण्णांच्या खांद्यावर बसून परत आमच्याच घरी आलेल्या.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे, आजोबांनी मिरजेकडून येऊन टाकलेलं. घर जुन्या हुबळीत. दुकानातला माल, कर, हिशेब मी बघतो. अण्णा माणसं बघतात. वीस-बावीस वर्षं ते पक्षाचं काम करत आहेत. महानगरपालिकेच्या तिकिटासाठी त्यांचं नाव दोनदा पुढे आलं आणि दोन्हीदा ऐनवेळी मागे पडलं. या खेपेला मात्र सगळा वॉर्ड धरून चालला होता की तिकीट अण्णांचंच. ते साठीला टेकलेत. ही खेप हुकली तर पुढची नाही, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. वहिनींनी तेवढ्यापुरतं त्यांच्या बीपीच्या गोळ्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या होत्या.

तिकीट ठरल्यासारखं झालं आणि सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्कार म्हणजे म्हैसुरी पगडी, हार, शाल आणि फळांची करंडी. किराणावाल्यांची संघटना, रिक्षावाल्यांची संघटना, कुठलं तरुण मंडळ, कुठला भजनी संघ. रोज संध्याकाळी एखादा तरी. अण्णा खुर्चीवर बसायचे आणि मी करंडी सांभाळत मागे उभा राहायचो. घरी सफरचंदांचा ढीग झाला. आम्ही शेजाऱ्यांना वाटली, नोकरांना दिली, शेवटी बायको म्हणाली, आता सफरचंदाची भाजी होते काय ते विचारून बघते.

याच दिवसांत पाण्याचं प्रकरण झालं. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. वार लागलेला असतो, त्या दिवशी भरून ठेवायचं आणि पुढच्या वारापर्यंत पुरवायचं. रस्ता खोदताना पाईप फुटला आणि आमचा वार कोरडा गेला. लोकांच्या टाक्या तळाला आलेल्या. त्या दिवशी धारवाडला अण्णांचा सत्कार होता. सकाळपासून फोन येत होते. अण्णांनी गाडीतूनच इंजिनिअरला फोन केला, माणूस पाठवतो असं त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि आम्ही धारवाडला गेलो. परत आलो तर बायको दारात दोन घागरी घेऊन उभी. भाकरीवाल्या अक्का गल्लीतल्या बायका घेऊन पाण्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या होत्या आणि टँकर घेऊनच उठल्या, असं तिनं सांगितलं. त्या टँकरचं पाणी आम्हीही प्यालो.

भाकरीवाल्या अक्का आमच्या मागच्या गल्लीत राहतात. ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात. हाताखाली बारा बायका आहेत. खानावळींना माल जातो, लग्नकार्यांना जातो. पक्षाचा कुठलाही कार्यक्रम असो, जेवणातली भाकरी आणि शेंगाची चटणी अक्कांकडून. पक्षाच्या सभासदही त्या जुन्या, जवळपास अण्णांइतक्याच. फक्त कार्यक्रमात त्या पुढच्या दाराने कधी आल्या नाहीत. टोपली मागच्या दाराने यायची, तिच्याबरोबर त्या.

पाण्यानंतर थोड्याच दिवसांत पक्षाने नवीन काढलं. तिकीट कुणाला द्यायचं ते या वेळी वॉर्डातल्या कार्यकर्त्यांनीच चिठ्ठीवर गुप्त मत देऊन ठरवायचं. अण्णांनी अर्ज दिला. दुसरा कोण देतो म्हणून सगळे गंमत बघत होते, तर दुसरा अर्ज आला अक्कांचा.

वॉर्डाच्या बैठकीत ही बातमी फुटली तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "अक्का उभ्या राहिल्या तर आमच्या जेवणाचं कोण बघणार?"

सगळे हसले. अक्काही हसल्या. टोपली त्यांच्या हातातच होती.

सत्कार चालूच राहिले, पण दुकानात मला एक फरक दिसायला लागला. सत्काराची शाल वेगळी असते. फिकट रंगाची, बारीक जरीच्या काठाची, अंगावर दिसायला भारी आणि हातात घेतली तर हलकी. लग्नाला ही कुणी नेत नाही, थंडीसाठी कुणी विकत घेत नाही. आता संघटनेची माणसं यायची आणि एकीच्या जागी दोन शाली बांधून घ्यायची. मी विचारलं तर म्हणायची, असू दे की, लागतात. दहा-दहाचे तीन गठ्ठे संपले. अण्णांच्या कपाटात सतरा. तेरा शाली कुठे गेल्या, हे मी अण्णांना विचारलं.

"लोकांच्या घरी कार्यं नसतात काय रे?" अण्णा म्हणाले.

"कार्याला ही शाल कोण नेतं?"

"तू मतं मोज. शाली मोजू नकोस."

मग मी मतं मोजली. वॉर्डात मत देणारे कार्यकर्ते सत्त्याऐंशी. ज्या ज्या मंडळाने सत्कार केला होता त्याच्यातले कार्यकर्ते मी अण्णांच्या बाजूला धरले. बासष्ट भरत होते. दुकानदार माणूस मी. गिऱ्हाईक "येतो परत" म्हणून उठलं की ते येत नाही, हे मला रोज कळतं. पण दहा माणसांदेखत गळ्यात हार घालून कुणी उलटं मत देईल, असं मला वाटलं नव्हतं. आता वाटतं की कित्येकांनी शाल दिली तिथेच त्यांचं देणं फिटलं होतं. हिशेब त्यांच्या बाजूने बरोबर होता.

मतदान हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका हॉलमध्ये झालं. बेंगळूरहून एक निरीक्षक आला होता. चिठ्ठ्या मोजायला फार वेळ लागला नाही. अण्णा चव्वेचाळीस, अक्का बेचाळीस, एक चिठ्ठी बाद.

अण्णा जिंकले. फटाक्यांची माळ आधीच आणून ठेवलेली होती. लावू का नको अशा चेहऱ्याने कुणी तरी ती लावली. निरीक्षकाने अण्णांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाला की, आता सगळ्यांना बरोबर घ्या. अक्का तोवर निघून गेल्या होत्या. त्यांना संध्याकाळची ऑर्डर होती, असं नंतर कळलं.

घरी आल्यावर अण्णा पगडी काढून बसले.  मग मला म्हणाले, "ते बेचाळीस कोण, तेवढं काढ."

मी म्हटलं, चिठ्ठीवर नाव नसतं, नुसती फुली असते. ते म्हणाले, तुझं डोकं चालतं, तू काढशील. मी सांगितलं की हे मी करणार नाही. आणि काढून तरी काय करायचं, त्यांच्याशी बोलणं टाकायचं? मग जो हिशेब मनात होता तो बोलून टाकला. "अण्णा, तुमचं एक, वहिनींचं एक, माझं एक आणि वहिनींच्या भावाचं एक. ही चार काढली तर आपण हरलोय."

वहिनी ताटं घेत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकीट पक्षाने दिलं की आपल्या घराने?"

अण्णा जेवले नाहीत.

पुढचे काही दिवस फार कंटाळवाणे गेले. जिंकलेला माणूस घरात असून घरात सुतक असल्यासारखं. अण्णा दुकानात यायचे, गल्ल्यामागे बसायचे, रस्त्यावरून ओळखीचं कुणी गेलं की मनातल्या मनात, हा त्यांच्यातला की आपल्यातला, हे चालायचं. मला ते चेहऱ्यावर दिसायचं. मीही थकलो होतो. इतक्या संध्याकाळी करंड्या धरून उभं राहिल्यावर पाय दुखतात हे खरं, पण खरा थकवा आकडा चुकल्याचा होता. बासष्ट आणि चव्वेचाळीस. अठरा माणसं आमच्याकडे बघून हसली होती.

खरी निवडणूक पुढेच होती. दारोदार जाणारी, मतदाराला हाताला धरून केंद्रावर आणणारी माणसं बहुतेक त्या बेचाळीसांत होती. आमच्या चव्वेचाळीसांत भाषण करणारे जास्त. अक्कांकडची माणसं घरी बसली तर तिकिटाला काही अर्थ नव्हता. अण्णांना हे कळत होतं. पण पद्धत अशी की हरलेल्याने जिंकलेल्याकडे जाऊन हार घालायचा. अण्णा त्याची वाट बघत बसले.

"त्यांनी यायला पाहिजे," असं ते दोन-तीनदा म्हणाले.

शेवटी वहिनींनीच कपाट उघडलं. वरची एक शाल काढली, घडी नीट केली, वर नारळ ठेवला आणि अण्णांच्या हातात दिलं. अक्का पहाटे उठून कामाला लागतात, त्यांना तुमच्याकडे यायला सवड कुठली, तुम्हीच जा, असं म्हणाल्या. मलाही बरोबर धाडलं. बहुधा अण्णा वाटेतून परत फिरतील म्हणून.

आम्ही सकाळी गेलो तेव्हा अक्कांच्या पडवीत चुली पेटलेल्या होत्या. बायका ओळीने बसून भाकरी थापत होत्या. परातींचा एकसारखा आवाज. दिवस थंडीचे, बहुतेकींच्या अंगावर शाली होत्या. कुणी डोक्यावरून घेतलेली, कुणी पाठीवरून घेऊन कंबरेला गाठ मारलेली. फिकट रंगाच्या, बारीक जरीच्या काठाच्या, आणि काठाला सगळीकडे पीठ लागलेलं.

मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण मोजलं गेलं. बायका बारा, शाली अकरा. तेरातल्या दोन कुठे होत्या ते मी विचारलं नाही.

अण्णांनीही ओळखलं. हातातली शाल घेऊन ते नुसते उभे राहिले. अक्का चुलीपाशी भाकरी उलटत होत्या. त्यांनी वर बघितलं, शाल बघितली.

"आणखी एक आणलीत होय?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. ती कडेची राहिली होती."

मला वाटलं, अण्णा आता रागावतील. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, ओळीच्या टोकाला गेले आणि वीस वर्षं लोकांना घालत आले होते तशी ती शाल त्या बाईच्या खांद्यावर दोन्ही बाजूंनी सारखी करून घातली. ती बाई लाजून खाली बघत हसली. शेजारची म्हणाली, "आता भाषण कर की गं." सगळ्या हसल्या. अण्णांनाही थोडं हसू आलं. बऱ्याच दिवसांत मी ते बघितलं नव्हतं.

अक्कांनी बसायला पाट दिले आणि चहा ठेवायला सांगितला. अण्णांनी सरळच विचारलं, "अक्का, माझं काय चुकलं?"

अक्कांचे हात थांबले नाहीत. "पाणी आलं नाही त्या दिवशी तुम्ही नव्हता, अण्णा."

"मी इंजिनिअरला फोन केला होता."

"केला असेल की. तो म्हणाला, तुमच्या अण्णांचा फोन आला होता, धारवाडहून येऊ देत, मग बघू." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "आम्हाला पीठ भिजवायला पाणी नव्हतं. बारा जणींची दिवसाची मजुरी बुडते. तुम्हाला पाडायला मी उभी राहिले नाही. ह्या बायका म्हणाल्या, उभी राहा, म्हणून राहिले. मत पडेल असं मलाही वाटलं नव्हतं."

 बैठकीतल्या त्या जेवणाच्या वाक्याबद्दल अक्का काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या बोलल्या नाहीत. ते त्यांनी आमच्यावरच सोडलं होतं.

चहा झाल्यावर अक्का म्हणाल्या की त्या आणि त्यांच्याकडची माणसं अण्णांसाठी फिरतील. तिकीट एकाला मिळालं, आता दोन तोंडं नकोत. मागणी एकच होती. निवडणूक होईपर्यंत अण्णांनी एकही सत्कार घ्यायचा नाही. ती संध्याकाळ रोज एका गल्लीला द्यायची, पायी.

"लोक प्रेमाने करतात," अण्णा म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

"दुकानात माल संपला म्हणून सांगता की नाही? तसंच."

दोन दिवसांनी दुर्गदबैलमधल्याच एका संघटनेचा चिटणीस दुकानात आला. तिकीट पक्कं झालं म्हणून अण्णांचा मोठा सत्कार ठेवायचा होता. शाल हवी होती. या वेळी एकच. अण्णा स्वतः गल्ल्यावर होते आणि नवा गठ्ठा त्यांच्या मागच्या फळीवर दोरी न सोडता ठेवलेला होता.

"संपल्या," अण्णा म्हणाले.

चिटणिसाने गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मीटरपट्टी पुसत होतो. "मग त्या मागच्या?"

"त्या द्यायच्या नाहीत." अण्णा चपला शोधायला लागले होते. "तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं ते सांगा. त्या दिवशी येतो."

त्या संध्याकाळी पहिली फेरी निघाली. मी मागून चालत होतो, हातात करंडी नव्हती तरी पाय तेवढेच दुखत होते. अक्कांकडची माणसं किती आली ते मोजायचं काम माझ्याकडेच. चौकातल्या दिव्याखाली उभं राहून मोजली. एकोणीस. बेचाळीसातली एकोणीस म्हणजे निम्मीही नाहीत. मी अण्णांना आकडा जसा होता तसा सांगितला.

त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "उद्या परत मोज."