जोडीदाराचं घड्याळ

खाडीचा खारट वास आला की ती दुपार आठवते. सासरे न सांगता घराबाहेर पडले होते. हवाई दलातले निवृत्त वैमानिक, पण हल्ली त्यांना घराचा पत्ताही आठवत नसे. मोबाइल घरीच राहिला होता आणि मनगटावर सोन्याचं वैमानिकी घड्याळ होतं. मी भाईंदरभर शोधत फिरले. अखेर मुर्धा गावच्या मिठागराजवळ एका कोळणीने त्यांना सावलीत बसवलेलं दिसलं. "घाबरू नको बाय, म्हातारा बरा हाय," ती म्हणाली. सासरे घड्याळाची कळ दाबून सेकंदकाटा बघत होते. "माझा जोडीदार विमान घेऊन गेलाय, अजून उतरला नाही. घड्याळ त्याचंय, सांभाळ म्हणाला होता." घड्याळ त्यांचं स्वतःचं नाही, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मी शेजारी बसले, आभाळाकडे बघत. आता मुलगा विमानाने निघाला की उतरल्याचा फोन येईपर्यंत मीही तशीच बसून असते.